ओनीटाच्या डब्यातली काडतुसं

ओनीटा कॉडिलला राग यायला कारण लागत नाही, असं आमच्या लिक ब्रँचच्या खोऱ्यात म्हणतात. साफ खोटं आहे. कारण दर वेळी असतं आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर असतं. फक्त लोकांना ते त्या दिवशी ऐकायचं नसतं. शाळेची बस चालवायची तेव्हा बसमध्ये मारामारी करणाऱ्या पोरांना ती भर चढणीवर खाली उतरवायची आणि आरशात मागं बघत बस अगदी सावकाश पुढं काढायची. पोरं धापा टाकत मागून चालायची. आया भांडायला आल्या की म्हणायची, "चालल्यानं मेलं का कुणी?" त्या पोरांना आता पोरं झाली, पण ओनीटा दुकानात शिरली की ते बाप्ये अजून खिशातले हात बाहेर काढतात.

तिचा खरा नावलौकिक होता तो मात्र बसमुळं नव्हे. नोव्हेंबरात पहिली कडक थंडी पडली की इथं घरोघर डुक्कर मारायचा दिवस धरतात, आणि दिवस धरण्याआधी ओनीटाला विचारतात. पाणी तापवायला माणसं मिळतात, केस खरवडायला मिळतात, कापायला मिळतात, चरबीच्या कढईपाशी बसायला तर बायकांची गर्दी होते. गोळी घालायला मात्र ओनीटाच. आधी हे काम तिच्या बापाचं होतं. बापानं ते थोरल्या मुलाला न देता हिला दिलं, कारण मुलगा चाप ओढताना डोळे मिटायचा. त्यावरून त्या काळी घरात पुष्कळ बोलाचाली झाली. बाप म्हणाला, डोळे उघडे ठेवील तिच्या हातात रायफल राहील. विषय संपला.

तिचा नियम एकच, डुकराला कळता कामा नये. वर्षभर माणसाच्या हातचं खाऊन ते जनावर माणसाला भुललेलं असतं. ते भुललेलंच गेलं पाहिजे. ओनीटा कुंपणात शिरायची, मक्याचे दाणे टाकायची, कानामागं खाजवायची, हवापाण्याच्या गप्पा मारायची. डोकं खाली गेलं, डोळे आणि कान जोडणाऱ्या रेघांच्या फुलीवर नळी आली की एक गोळी. डुक्कर गुडघ्यावर यायचं आणि शेजारचा क्लेल रिची गळा चिरायला सुरी घेऊन पुढं व्हायचा. शेजारचं डुक्कर पुष्कळदा दाणे टिपत राहायचं, मान वर करायचं नाही. लोक याला नेमबाजी म्हणतात. हातभर अंतरावरून नेम कुणीही धरील. काम असतं ते त्या जनावराला शेवटपर्यंत निर्धास्त ठेवण्याचं, आणि ते ओनीटासारखं कुणाला जमत नसे.

बापाची रायफल एकबारी होती, लहान गोळीची, जिला आम्ही पॉइंट टू-टू म्हणतो. दर गोळीला मागची मूठ अंगठ्यानं खेचावी लागायची. सांधेदुखीनं ओनीटाचा अंगठा सुजून बटाट्यासारखा झाला, तेव्हा डेल्बर्टनं तिला नवी रायफल आणून दिली. एक झाडली की तिच्याच धक्क्यानं बोल्ट, म्हणजे नळीमागचा दट्ट्या, मागं जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढची गोळी आत घेऊन बसतो. पहिल्या खेपेला मूठ ओढायची, पुढं नुसतं बोट. रायफल चांगली होती. ओनीटासुद्धा म्हणाली, बरी आहे, आणि ओनीटाच्या तोंडी "बरी" म्हणजे पुष्कळ झालं.

हा डेल्बर्ट फ्यूगेट तिच्या त्याच थोरल्या भावाचा मुलगा. मनानं चांगला, कामाला वाघ, कुणाच्याही छपरावर चढून पत्रे ठोकून देणारा. पण स्वस्त म्हटलं की त्याची अक्कल चरायला जायची. त्याच्या अंगणात होडीचं इंजिन होतं, होडी नव्हती. कोठारात खारवलेल्या काकड्यांच्या इतक्या बरण्या होत्या की त्याची बायको त्या पाहुण्यांच्या गाडीत गुपचूप टाकायची. तर रायफलीपाठोपाठ या गड्यानं काडतुसांचं प्लास्टिकचं डबडं आणलं, केवढं, तर बादलीएवढं. आत हजार-दीड हजार काडतुसं सुटी ओतलेली, हलवलं की खुळखुळ वाजणारी.

"आत्या, आता मरेपर्यंत बघायला नको," तो म्हणाला.

"कोण मरेपर्यंत? मी की तू?"

दोघं गोठ्यामागं रिकामे डबे मांडून बसले. पाच-सात गोळ्या नीट गेल्या. मग नुसतंच खट्. बाहेर काढून पाहिलं तर कडेला रायफलीच्या सुईचा खोल घाव, आणि गोळी जागच्या जागी. या लहान काडतुसाचं असं असतं, की पेट घेणारं द्रव्य बुडाच्या सगळ्या कडेनं आत पसरलेलं लागतं. करणाऱ्यानं घाई केली की ते एका अंगाला राहतं, दुसरं अंग कोरडं, आणि सुई कोरड्या अंगावर बसली की झालं कल्याण. पुढची उडाली ती इतकी मिळमिळीत, की बोल्ट अर्ध्यावरून परत आला आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच धुराड्यासारखी उभी अडकली. ओनीटानं ती नखानं उचकटली. आणखी चार झाल्या, पुन्हा तेच.

"नवी आहे ना रायफल, रुळेल," डेल्बर्ट म्हणाला. "आणि तू खांद्याला सैल धरतेस, आत्या."

"मी तुझ्या आज्याच्या देखत धरायला शिकले. माझ्या खांद्याला नावं ठेवू नकोस. काडतुसं किडकी आहेत तुझी."

"शंभरात एखाद-दुसरं असतं गं असं. या भावात आणखी काय पाहिजे?"

"शंभरातलं ते एक कुणासमोर निघेल, हे त्या डबड्यावर लिहिलंय का?"

डेल्बर्ट हसला. त्याला ओनीटाचा राग म्हणजे घरची करमणूक होती. ओनीटानं डबडं उचलून त्याच्या पिकअपमध्ये आदळलं. स्वतःच्या पैशानं तिनं चांगली काडतुसं आणली. बुडावर बारीक चांदणी कोरलेली, एकेक खोबणीत नीट उभी केलेली. घरी ती कॉफीच्या रिकाम्या डब्यात ओतून चुलीवरच्या फळीवर ठेवली. डुकरांच्या दिवसांसाठी. दुसऱ्या कशाला त्यांना हात लावायचा नाही, असं तिनं ठरवलं. ठरवलं स्वतःशी. सांगितलं कुणालाच नाही, कारण आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्याविषयी माणूस कुणाला काय सांगणार?

त्या वर्षी पहिला दिवस व्हेस्टा नोबलचा होता. व्हेस्टा विधवा, ओनीटाहून थोडी लहान, आवाज इतका हळू की समोरच्याला वाकून ऐकावं लागतं. दोन डुकरं तिनं पिल्लापासून वाढवली होती. एक पांढरं, एक काळ्या पट्ट्याचं. ती कुंपणापाशी येऊन हाक मारायची आणि दोन्ही धावत यायची. गोळी घालायच्या वेळी मात्र व्हेस्टा घरात जाऊन नळ सोडून भांडी घासत बसायची. दर वर्षीचं होतं ते. कुणी हसत नसे.

सकाळी दहिवर पांढरं पडलं होतं. पिंपातलं पाणी वाफाळलं, क्लेलनं सुरी पाजवली, डेल्बर्ट लाकडं आणत होता. ओनीटानं डब्यातली मूठभर काडतुसं खिशातून काढून रायफलीत भरली. बोटं थंडीनं बधिर झालेली. बुडं कोण बघतं? आपल्या डब्यातली, आपल्या फळीवरची. ती कुंपणात शिरली, दाणे टाकले. पांढरं पुढं आलं.

"काय म्हणतोस रे गुलामा," ती खाजवत म्हणाली. "थंडी वाजते का? मलाही वाजते."

डोकं खाली गेलं. तिनं चाप ओढला. खट्.

डुकरानं मान वर केली. ओनीटानं नळी चिखलाकडं वळवून धरली, कारण असली गोळी कधीकधी उशिरा उडते. नाही उडाली. तिनं मूठ ओढली, फुसकी गोळी चिखलात पडली, नवी आत गेली. डुक्कर पुन्हा दाण्यांकडं वळलं. ते वळलं म्हणूनच तिनं पुढचा चाप ओढला. एरवी तिथंच थांबली असती.

नेहमीचा कडक आवाज आलाच नाही. फट् असा ओल्या चपलेचा आवाज आला. गोळी लागली, बरोबर फुलीवर लागली, पण आत जायला जोरच नव्हता. आणि ते जनावर ओरडलं.

डुकराची किंकाळी ज्यानं ऐकली आहे त्याला सांगायला नको, आणि ज्यानं ऐकली नाही त्यानं ऐकू नये. पांढरं गोल फिरलं, कुंपणाला धडकलं, ओनीटाच्या गुडघ्यावर आदळलं. ती फळ्यांना पाठ लावून उभी राहिली आणि दुसरी गोळी घालायला गेली, तर चाप मऊ. पुंगळी खिडकीत अडकलेली. सुजलेल्या अंगठ्यानं ती उचकटायला लागली, निघेना. रक्तानं डोळे भरलेलं डुक्कर किंचाळत होतं, काळ्या पट्ट्याचं दूरच्या कोपऱ्यात स्वतःला कोंबत होतं, क्लेल कुंपणाबाहेरून ओरडत होता, "मार ना! बाई, मार ना!" घरातला नळ बंद झाला. व्हेस्टा दारात आली आणि तिनं पाहिलं. ते रक्तबंबाळ पांढरं तिच्या दिशेला धावलं, कारण आजवर जे काही चांगलं आलं ते त्याच दारातून आलं होतं.

शेवटी ओनीटानं ती पुंगळी नख तुटेपर्यंत ओढली, ती निघाली, आणि पुढची गोळी उडाली. पांढरं खाली बसलं. क्लेलनं आपलं काम केलं.

क्लेलनं सुरी पुसली.

"वेळ सगळ्यांचीच येते, ओनीटा," तो अगदी मऊपणानं म्हणाला. तो मऊपणा तिला कानाखाली बसल्यासारखा लागला. "जा, जरा कढईपाशी बस. चरबी ढवळायलासुद्धा माणूस लागतंच. दुसरं आम्ही बघतो."

"माझी वेळ आली की मी सांगेन. तू सांगायचं नाहीस."

"अहो, अंगठा तिचा," डेल्बर्ट मध्येच क्लेलला म्हणाला, कीव करत. "सांध्यांनी काही राहिलं नाही तिच्यात. मी म्हणतच होतो."

ओनीटा चिखलात वाकली आणि ती पहिली फुसकी गोळी शोधून ॲप्रनला पुसली. कडेला सुईचा घाव होता, खोल, स्वच्छ. रायफलीनं आपलं काम केलं होतं. तिनं बूड उजेडाकडं धरलं. चांदणी नव्हती.

"डेल्बर्ट. इकडं ये."

तो आला.

"माझ्या डब्यातली काडतुसं कुठं आहेत?"

"डब्यातच की."

"ही माझी नाहीत. माझी कुठं आहेत?"

डेल्बर्टनं टोपी मागं सरकवली. "अगं, ती होय! मागच्या शनिवारी नेली मी. तू चर्चला गेली होतीस. पण जेवढी नेली तेवढी परत टाकली, आत्या. मोजून. वर दोन-चार जास्तच टाकली."

आता हे आमच्या खोऱ्यातलं वळणच आहे. कुणाच्या दाराला कुलूप नाही. पीठ संपलं, साखर संपली, रॉकेल संपलं, तर शेजाऱ्याच्या घरात शिरून घ्यावं आणि जमेल तेव्हा तेवढंच परत ठेवावं. विचारायचं नाही, सांगायचंही नाही. सांगितलं तर उलट अपमान वाटतो. डेल्बर्ट याच हवेत वाढला होता. म्हणून त्याच्या तोंडावर चोरीचा लवलेश नव्हता, आणि तेच बघून ओनीटाचं डोकं आणखी तडकलं.

"कशाला नेलीस?"

"फायरहाऊसवर आगबंबवाल्यांनी ठेवलेल्या नेमबाजीला. डुकराची धुरावलेली मांडी लावली होती ना बक्षीस." आणि त्याला राहवलं नाही. "मीच जिंकली. अख्खी मांडी."

"तुझं ते बादलीभर होतं ना? त्यातली का नाही नेलीस?"

डेल्बर्टनं टोपी पुन्हा पुढं ओढली.

"बोल की. का नाही नेलीस?"

"म्हणजे... सामन्यात अडकली असती एखादी, तर..."

"तर?"

"तर हरलो असतो."

कढईपाशी ढवळणाऱ्या बायका थांबल्या. ओनीटाचा आवाज चढला नाही, खाली आला, आणि तिच्या बसमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की आवाज खाली येतो तेव्हा काय समजायचं.

"मांडीसाठी तुला त्या काडतुसांचा भरवसा नव्हता. आणि व्हेस्टाच्या डुकरासाठी होता? मेलेल्या डुकराच्या तंगडीची काळजी केलीस तू, आणि जित्याच्या कपाळाला हा कचरा ठेवलास माझ्या हातून! वर माझ्या अंगठ्याला नावं ठेवतोस? चार माणसांत?"

"मला काय ठाऊक तू डुकरासाठीच—"

"विचारायचं! तोंड आहे ना तुला? स्वस्त कुठं मिळतं ते साऱ्या गावाला विचारत फिरतोस, आत्याला एक शब्द विचारता येत नाही?"

क्लेल मध्ये पडला. "जाऊ दे, ओनीटा. पोरानं उसनं घेतलं, उसनं फेडलं. आपल्यात काय, असंच चालतं."

"साखर नेऊन मीठ ठेवलंय त्यानं! पांढरं दिसलं म्हणजे फिटलं का, क्लेल? तुझ्या कॉफीत घालून बघू?"

क्लेलनं खाली बघितलं. माणूस वाईट नव्हता, फक्त पटल्यावर पटलं म्हणायला त्याला फार वेळ लागायचा. त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून आपली खारींच्या शिकारीची काडतुसं काढली, त्यांतली चार तिच्या हातावर ठेवली. बुडावर चांदणी होती. "घे," एवढंच म्हणाला, आणि कढईचं नाव पुन्हा काढलं नाही.

ओनीटानं रायफल रिकामी केली, पुसली, चार काडतुसं भरली आणि दुसऱ्यासाठी कुंपणात गेली. दाणे टाकले. खाजवायला हात पुढं केला. काळ्या पट्ट्याचं कोपऱ्यातून हललं नाही. त्याचे पाय लटपटत होते, नाक हवेत होतं आणि हवेत सगळं रक्त होतं. ती बादली पालथी घालून त्यावर बसली.

"पाणी निवतंय," बऱ्याच वेळानं क्लेल म्हणाला.

"निवू दे. परत तापव. लाकूड डेल्बर्ट आणील, आज त्याला दुसरं काम नाही."

पाणी निवलं, तापलं, पुन्हा निवायला लागलं. ओनीटा गोड बोलली, लाडानं बोलली, बापाच्या जुन्या युक्त्या केल्या. डुक्कर तिला बघायचं आणि आणखी आत शिरायचं. दुरून गोळी घालून तिला चाललं नसतं, आणि तसंच सोडून तिला जाववत नव्हतं. आज इथून अशी उठली तर पुढच्या घरी तिला कुणी बोलावणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. मग ती दाराकडं वळून म्हणाली, "व्हेस्टा, हाक मार त्याला."

व्हेस्टा दारातच उभी होती. तिनं मान हलवली, नाही म्हणून.

"मार गं. माझ्याकडं येत नाही ते. एकदाच मार, मी त्याला कळू देत नाही. शब्द देते."

व्हेस्टा कुंपणाशी आली. दोन्ही हातांनी फळी धरली आणि रोजच्यासारखी हळू हाक मारली. काळ्या पट्ट्याचे कान हलले. ते उठलं, लटपटत आलं, व्हेस्टाच्या पायांसमोर पडलेले दाणे खाऊ लागलं. ओनीटानं शब्द पाळला. आवाज कडक आला, डुक्कर तोंडात दाणे असतानाच बसलं, आणि तिनं त्या वर्षी घातलेल्या गोळ्यांत ती सगळ्यांत चोख होती. बघणाऱ्यांतला एकजण तर "वा" म्हणाला.

गोळी घालणाऱ्याला पाठीच्या कण्यालगतचं कोवळं मांस द्यायची रीत आहे. ओनीटानं दुसऱ्या डुकराचं घेतलं, पहिल्याचं डेल्बर्टच्या हातात कोंबलं. "घरी ने. बायकोला तळायला सांग. आणि बसून सगळं खा." डेल्बर्ट रडवेला झाला होता. पुढं त्यानं ते डबडं खाणीच्या जुन्या डबक्यात बुडवलं आणि ओनीटाला चांदणीवाल्या काडतुसांचे डबेच्या डबे आणून दिले, तेही पूर्ण किमतीत, आणि किंमत तिला चार वेळा ऐकवली. बाकीच्या घरांनी त्या हंगामात ओनीटालाच बोलावलं. डेल्बर्टच्या हरामखोरीची गोष्ट तोवर सगळ्यांना पाठ झाली होती. ओनीटानं ती स्वतः सांगितली होती, दुकानात, पंपावर, चर्चच्या पायरीवर, आणि दर वेळी पहिल्यासारखीच चिडून.

वसंतात पिल्लं विकायला आली. व्हेस्टानं घेतली नाहीत. ओनीटाला वाटलं, हात तंग असेल, म्हणून तिनं स्वतःच दोन घेतली, पेटीत घातली आणि पिकअप व्हेस्टाच्या दारात नेऊन उभी केली. कुंपण मोडून ठेवलेलं होतं. फळ्या भिंतीशी नीट रचल्या होत्या.

"हे काय?" ओनीटा म्हणाली. "अजून त्या गाढवाच्या काडतुसांचं मनात धरून बसलीस? आता तसं व्हायचं नाही, व्हेस्टा. एकेक बूड बघून भरते मी."

"ठाऊक आहे मला."

"मग? ते ओरडलं ते विसर गं. मीसुद्धा विसरले नाही म्हण, पण..."

व्हेस्टानं पेटीच्या फटीतून बोट घातलं. पिल्लू ते चोखू लागलं. ती इतकं हळू बोलली की ओनीटाला वाकावं लागलं.

"ओरडलं त्याचं नाही काही. ते काडतुसानं झालं, तुझा त्यात दोष नाही. दुसरं घाबरलं होतं, ओनीटा. त्याला सगळं कळलं होतं. आणि ते माझ्या हाकेला आलं."

ओनीटाच्या अंगात राग मावेना, आणि तो कुणावर काढावा ते तिला कळेना. ती पेटी परत चढवायला लागली. अंगठा ठणकत होता, एका हातानं ती उचलेना. व्हेस्टानं पलीकडची बाजू धरली, आणि दोघींनी मिळून ती पिकअपमध्ये सरकवली.